दाजी पाण्यावरून आले

मांजरा धरणाच्या काठावर उत्तरेश्वरचा मासळीचा ढाबा होता. नवा रस्ता दुसरीकडून गेल्यापासून गिऱ्हाईक आटलं होतं. म्हणून त्यानं पुण्याहून एक लांबलचक, हवा भरायची फळी मागवली. गिऱ्हाइकांनी तिच्यावर उभं राहायचं आणि वल्हं मारत पाण्यावर फिरायचं. रविवारी चार लोकांसमोर उद्घाटनही ठरलं. अडचण एवढीच होती की, खुद्द मालकालाच फळीवर उभं राहता येत नव्हतं.

"आधी गुडघ्यावर बस, मंग हळूच ऊठ," काठावरून लखन ओरडला. लखन म्हणजे ढाब्याचा आचारी आणि उत्तरेश्वरचा बालमित्र. हातातल्या मोबाईलवर शिकवणीचा व्हिडिओ चालू होता.

"उठलो की पडतोय बे!"

"खाली कावून बघतो? समोर बघ. ह्या व्हिडिओतली बाई बघ, कशी हासत चाललीय."

"तिच्याकडं वारं न्हाई!"

वारा आषाढातला होता. लाटा आखूड आणि वेड्यावाकड्या. एक लाट फळी उचलायची, दुसरी पायाखालून ओढून न्यायची. उत्तरेश्वर सकाळपासून पडत होता. गुडघे सोलले, नाकातोंडात पाणी गेलं, ढाबा विकून मोकळं व्हावं असंही मनात आलं. आणि ऊन कलताना तो चक्क उभा राहिला. मागून वारा सदऱ्यात शिरला आणि फळी सुसाट निघाली.

"जमलं! जमलं!" लखन नाचायला लागला.

जमलं होतं खरं, पण वळायचं कसं हे व्हिडिओच्या पुढच्या भागात होतं.

मध्यावर लाटा मोठ्या झाल्या. उत्तरेश्वर आडवा झाला आणि फळीला घोरपडीसारखा चिकटला. समोरचा काठ जवळ येऊ लागला. त्या काठावर त्याची सासरवाडी होती. मेव्हणा बबनराव याच्या मुलाच्या लग्नात उत्तरेश्वरला मानाचा फेटा बांधायचा राहून गेला होता. तेव्हापासून तो रुसून तिकडं फिरकला नव्हता आणि बायकोलाही, भिवराबाईला, जाऊ देत नव्हता. त्यानं हातांनी उलटं पाणी मारून पाहिलं. वारा ऐकेना.

काठाला बबनराव म्हशी धूत होता. फळी थेट म्हशीच्या पोटाला टेकली.

"दाजी?" बबनरावचा आवाज चिरकला. "तुमी?"

"मी आलो न्हाई. वाऱ्यानं आणलं," उत्तरेश्वर कुडकुडत म्हणाला.

पण बबनरावला ऐकू कुठं येत होतं? त्यानं ओल्या दाजींना मिठी मारली आणि हंबरडाच फोडला. "चूक माझी हुती दाजी! मी यायला पायजे हुतं. आन् तुमी जिवावर उदार हून, पाण्यावरून आलात!"

गाव गोळा झालं. अर्ध्या चड्डीतल्या जावयाला वाजतगाजत घरी नेलं. रडणाऱ्या माणसाला खरं काय सांगणार? उत्तरेश्वर जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी भिवराबाई जीपनं आली. त्याच जीपनं परत सटकावं म्हणून उत्तरेश्वर उठला, तर बबनराव आडवा आला.

"जीपनं? दाजी, आलात तसं जायाचं! समदं गाव बघायला थांबलंय."

खरंच, काठावर नेलं तर तिथं ही गर्दी. पोरं झाडांवर चढलेली. आणि वारा आता थेट तोंडावर येत होता. उत्तरेश्वरनं फळीकडं पाहिलं, लाटांकडं पाहिलं, मग केविलवाण्या नजरेनं बायकोकडं पाहिलं.

"अगं, सांग की ह्यांला," तो कुजबुजला. "मला उभं ऱ्हाता येत न्हाई."

"मला ठावं हाय," भिवराबाई म्हणाली आणि पदर खोचून गर्दीपुढं उभी राहिली. "दादा, वारं लई हाय. वारं पडल्याबिगर मी ह्यांला पाण्यात उतरू देणार न्हाई. तवर आमी दोघं हितंच ऱ्हातो."

बबनरावला आनंदानं काय करावं सुचेना. तेवढ्यात भिवराबाईच्या मोबाईलवर लखनचा फोन आला, "रविवारचं काय बे?" उत्तरेश्वरनं तो लगेच बंद करून टाकला.

"वारं पडतंय कदी हितलं?" त्यानं बायकोला हळूच विचारलं.

"श्रावणात पडतंय, कदी कदी," भिवराबाई म्हणाली आणि भावजयीच्या मागं पुरण वाटायला निघून गेली.