जाब्रियातला दुसरा आवाज

बायको बाथरूममध्ये गात असेल तर शहाण्या नवऱ्याने गुपचूप मोबाइल बघत बसावं. मी दाराला कान लावायचं ठरवलं.

आता माझ्या बाजूने एवढंच सांगतो की मला गाण्यातलं कळतं. (हे मी सगळ्यांनाच सांगतो. कोणी विचारत नाही, तरी.) कुवेत सिटीतल्या एका कंपनीत मी अकाउंट्स बघतो, पण ते पोटासाठी. आमच्या हवल्लीच्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या आधी हार्मोनियम आली. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात आम्हा नवराबायकोचं द्वंद्वगीत दरवर्षी ठरलेलं. मी गातो, क्षितिजा माझ्याबरोबर गाते, आणि तिचा सूर जरा इकडेतिकडे झाला की मी हळूच कोपराने ढोसून तिला रस्त्यावर आणतो. प्रेमाने हो.

तर त्या सकाळी आतून जे येत होतं ते मराठी नव्हतं, हिंदी नव्हतं, अरबीही नव्हतं. चालीला शेंडा ना बुडखा. एक ओळ म्हणायची, थांबायची, कोणीतरी उत्तर दिल्यासारखी हसायची, आणि मग पुढची ओळ. मला तिथेच खटकलं. एकटं माणूस गाताना समोरच्यासाठी जागा सोडतं का?

तेवढ्यात दार उघडलं आणि मी जवळजवळ बादलीत पडलो.

"काय करतोयस?"

"गीझर बघत होतो."

"कानाने?"

"काय गात होतीस?"

"कुठे काय? काही नाही."

लग्न झालेल्या माणसाला "काही नाही" या दोन शब्दांचा अर्थ सांगायला लागत नाही. त्याच संध्याकाळी चहा गाळता गाळता ती सहज म्हणाली, "यंदा गणपतीत आपण गायला नको रे. मला जरा ब्रेक हवाय." ब्रेक! मी बिस्कीट चहात बुडवलं होतं ते तिथेच सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी अक्षराला, म्हणजे आमच्या कन्येला, विश्वासात घेतलं. ती जपानी कार्टूनं बघत वाढलेली. मी तिला क्षितिजाचं ते गाणं, दाराबाहेरून चोरून रेकॉर्ड केलेलं, ऐकवलं.

"बाबा, इट्स जॅपनीज. लव्ह साँग आहे."

"लव्ह?"

"हां. लाइक, टू पीपल. ते म्हणतात, लेट्स गो होम द लाँग वे, सो वी गेट मोर टाइम."

क्षितिजा जाब्रियाच्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. जाब्रिया ते हवल्ली म्हणजे केवढंसं अंतर! पण हल्ली दर गुरुवारी तिला यायला उशीर होत होता. लांबच्या रस्त्याने येत असणार, दुसरं काय!

ऑफिसात सलीलला सांगितलं. सलील माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि मंडळाचा सेक्रेटरीही आहे, त्यामुळे दुसऱ्यांच्या घरात काय चाललंय याची त्याला मनापासून काळजी असते.

"तिच्या फोनवर मेसेज बघितला," मी म्हणालो. "सातो म्हणून कोणीतरी आहे. लिहिलंय, थर्सडे, हामोरू? आणि पुढे हसरा चेहरा."

"हामोरू म्हणजे?"

"काय माहीत!"

"कोडवर्ड," सलील खुर्ची जवळ ओढत म्हणाला. "देवेंद्र, मला तुला घाबरवायचं नाहीये. पण जपानी लोक एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली ना, की अर्धवट सोडत नाहीत."

"मग मी काय करू?"

"तू काही करू नकोस. शांत राहा." मग त्याने इकडेतिकडे बघितलं. "आणि काय झालं ते मला लगेच फोन करून सांग."

गुरुवारी क्षितिजाचा फोन आला. मीटिंग आहे, उशीर होईल. मी आवाजात कमालीचा गोडवा आणून "हो हो, सावकाश ये," म्हणालो आणि थेट जाब्रियाला जाऊन क्लिनिकसमोर गाडीत दबा धरून बसलो. (दबा धरायला जागा मिळेना म्हणून एका कचऱ्याच्या मोठ्या डब्यामागे गाडी उभी केली होती. प्रेमाची परीक्षा असते.) ती बाहेर आली. लिपस्टिक लावलेली! मीटिंगला! मागच्याच गल्लीतल्या एका बिल्डिंगमध्ये ती शिरली. मी मागोमाग. खाली हारिस, म्हणजे तिथला वॉचमन, चहा पीत बसला होता.

"सातो?" मी जमेल तितक्या दरडावणीच्या आवाजात विचारलं.

"दूसरा माला," तो म्हणाला. "गाना सुनने आया? आजकल हर गुरुवार मॅडम बहुत अच्छा गाती है."

जगाला माहीत होतं! फक्त नवऱ्याला नव्हतं!

मी जिना चढायला लागलो. खोटं कशाला सांगू, रडू येत होतं. आमचं भांडण झालं असतं तर चाललं असतं, पण तिने माझं गाणं सोडून दुसऱ्या कोणाबरोबर गावं? दाराशी पोचलो. आतून वाद्यांचा आवाज, आणि त्यात दोन आवाज. एक क्षितिजाचा. दुसरा जाड, भरदार, खर्जातला. सातो! मी बेल दाबायला हात वर केला आणि तसाच थांबलो.

क्षितिजा चुकत होती. सातो एका चालीने सरळ चालला होता आणि ही बया तिसऱ्याच सुरात वर कुठेतरी भटकत होती. मी दोन ओळी सोसलं. तिसऱ्या ओळीला माझं डोकं फिरलं. मी कशासाठी आलोय, कोण आहे, सगळं विसरलो आणि दारावर थाप मारून ओरडलो, "क्षितिजा! चढलीस तू! खाली ये, खाली!"

वाद्यं थांबली. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं होऊन पटकन बंद झालं. मग माझ्या पुढ्यातलं दार उघडलं.

दारात माझ्या खांद्यालाही न लागणारी एक वयस्कर जपानी बाई उभी होती. पांढरे कापलेले केस, हातात माइक. ती कमरेत वाकली आणि त्या खर्जातल्या आवाजात म्हणाली, "वेलकम."

मागे क्षितिजा. तिच्याही हातात माइक.

"तू माझा पाठलाग केलास?"

"ते नंतर बोलू. आधी चाल बघ. बाई बरोबर गातायत, तूच भलतीकडे जातेयस!"

"नो, नो," सातोबाई हसत म्हणाल्या. "शी इज करेक्ट. हामोरू. वन पर्सन मेलडी, अदर पर्सन डिफरंट. टुगेदर, व्हेरी नाइस."

मला तिथे बूट काढून सोफ्यावर बसवण्यात आलं. हिरवा चहा आला. (साखर मागायचा धीर झाला नाही.) सातोबाईंचे यजमान तेलकंपनीत इंजिनिअर. बाईंचा खांदा आखडला म्हणून त्या क्षितिजाकडे यायच्या, हात वर करताना दुखू नये म्हणून गुणगुणायच्या. क्षितिजाने एकदा गंमत म्हणून वरचा सूर धरला. बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि घरच्या कराओकेला बोलावलं. त्यांच्या देशात म्हणे मित्रमैत्रिणी अशीच गाणी निवडतात, दोघांना दोन वेगळ्या वाटांनी जाता येईल अशी.

आमच्याकडे भजन असो की भावगीत, सगळ्यांनी एकाच चालीने जायचं. जो बाजूला जातो त्याला कोपर.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू आला असतास."

मी त्या बिनसाखरेच्या चहाचा मोठा घोट घेतला.

"इथे मला कोणी ढोसत नाही, देवेंद्र," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "मी वेगळा सूर लावला की त्या थँक्यू म्हणतात. इतकी वर्षं मला माझा आवाज कसा आहे हेच माहीत नव्हतं. तुझाच ऐकू यायचा."

मला फार वाईट वाटलं. सातो पुरुष निघाला असता तरी एवढं वाटलं नसतं, देवाशपथ.

"म्हणजे आपलं दोघांचं गाणं कायमचं बंद?"

क्षितिजाने जरा विचार केला. "एक गाणं नुसतं ऐकून दाखव. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तोंड न उघडता. जमलं तर यंदा गणपतीत तुझ्याबरोबर गाईन."

एवढंच? मी हाताची घडी घालून सरसावून बसलो.

गाणं सुरू झालं. खाली सातोबाईंचा संथ, भरदार आवाज आणि वर क्षितिजाचा, जवळ येणारा, लांब जाणारा, पण साथ न सोडणारा. अहो, काय गात होती माझी बायको! मी आयुष्यात पहिल्यांदा तिला ऐकत होतो. अंगावर काटा आला. शेवटच्या ओळीआधी वाद्यं थांबली, दोघींनी एकमेकींकडे बघत श्वास रोखला, खोलीत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता—

"वाऽऽऽ! क्या बात है!"

होय. मीच.

सातोबाई दचकल्या, शेवटची ओळ घशातच राहिली, क्षितिजाने माइक खाली ठेवला. मशीनने पडद्यावर मार्क दाखवले. बाईंचा चेहरा एवढासा झाला. मशीनने माझाही आवाज हिशेबात धरला होता.

"अगं, दाद दिली मी!"

"माहितेय," क्षितिजा म्हणाली. "गाडीत जाऊन बस."

गणपतीला अजून वेळ आहे आणि क्षितिजाने परीक्षा पुन्हा द्यायची परवानगी दिली आहे. त्यामुळे हल्ली दर गुरुवारी मी तिला सोडायला जाब्रियाला जातो आणि खाली गाडीतच बसतो. अक्षराने ते गाणं फोनवर घालून दिलंय. ते लावून मी गप्प राहण्याचा सराव करतो. ती शांततेची जागा आली की आतून उमाळा येतो, मग मी दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून डोळे मिटून पुढे वाकतो. परवा असाच वाकलेलो असताना काचेवर टकटक झाली. हारिस होता. त्याने काळजीने माझ्याकडे बघितलं आणि एक प्लास्टिकची पिशवी पुढे केली.

"साब, गाडी में उलटी मत करना. इस में करो."

शेवटची ओळ अजून यायची होती. बोललो असतो तर सराव मोडला असता. मी मुकाट्याने पिशवी घेतली.