डावं टोक

आमच्या मोठ्या आईच्या हातात दाभण आलं, की जगात उघडी वस्तू उघडी राहत नाही.

मोठी आई म्हणजे माझी थोरली चुलती. उमापूरला आमच्या भिंतीला भिंत लावून तिचं घर. मोठे बाबा गेल्यापासून ती त्यात एकटीच. तिथून कुणीही परगावी निघालं, की ती त्याची बॅग हिसकावून घेते आणि तिचं तोंड शिवून टाकते. बॅगेला चेन आहे, कुलूप आहे, असलं काही सांगायचं नाही. "चेनीचा काय भरवसा? एस्टीत धक्का बसला की तोंड वासती!"

एकदा आमचे दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, मुक्कामाला आले होते. निघताना त्यांची बॅग शिवली गेली आणि त्यांचा मोबाईल आतच राहिला. गेवराईपासून पुण्यापर्यंत बॅग वाजत होती. दाजी बिचारे सगळ्या एस्टीकडं बघून हसत होते. गाठ कशी सोडायची हे फोन करून विचारावं, तर फोनच आत!

तिची शिवण पोत्याची. धान्याच्या पोत्याचं बरोबर टोक धरून ओढलं की दोरा सरसर उसवतो, चुकीचं धरलं की आणखी आवळतो, तसलं. वर शेवटाला तिची स्वतःची एक गाठ. आणि कायदा एकच: "शिवल्यालं कापू न्हाई. सुटंना तर फोन कर, मी सांगते."

सुटत नाहीच. कारण टोक कधी डावं असतं, कधी उजवं, बाईसाहेबांची लहर. तिचा मुलगा रामदादा सुरतेला असतो. तो एकदा मोठ्या ऐटीत म्हणाला, "आई, मला आता कळलंय. तू तसदी घेऊ नको." पुढच्या खेपेला तिनं बॅग दोन्हीकडून शिवली.

दुसरं वेड बोलण्याचं. माणसांशी कमी, वस्तूंशी जास्त. गॅस पेटला नाही की, "पेट की मुडद्या, तुजं काय लगीन हाय का नटून बसायला?" मिक्सरला, "वरडतोस कावून? तुज्या बापाच्या शेंगा हायत का?" नळाला पाणी नसलं, तर ती नळाला जे बोलते ते इथं लिहिता येत नाही.

असलं ऐकत वाढलेला मी पुण्याला डिझाइन शिकायला गेलो. शेवटच्या वर्षी प्रकल्प होता: एक पुस्तक स्वतः मांडायचं आणि हातानं बांधायचं. विषय आपल्या घरातला. मी मोठ्या आईचं बोलणं घेतलं. डाव्या पानावर वस्तूचं चित्र, उजव्या पानावर तिची मुक्ताफळं. ह्यात नापास म्हणजे वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर वडील मला गेवराईत मोबाईलची कव्हरं विकायला बसवणार होते. नुसतं म्हणाले नव्हते, दुकानाचा गाळासुद्धा बघून ठेवला होता.

बांधणी करायला मी उमापूरला आलो. चिकटवायला मैद्याची खळ शिजवली आणि जरा बाहेर गेलो, तर मोठ्या आईनं ती चाखून त्यात मीठ घातलं. "पुन्याला जाऊन पिठलं करायचं इसरलास व्हय रं?" दुसऱ्यांदा शिजवली. पानं दुमडून त्यांचे गठ्ठे केले, कण्याच्या बाजूनं एकेक टाका घालून शिवले, पुठ्ठा चढवला. ती शेजारी बसून सगळं बघत होती. शेवटी मी पुस्तक दाबायला पाट्याखाली ठेवलं. निघायच्या दिवशी सकाळी तोंड माणसासारखं दिसावं म्हणून गेवराईला केस कापायला गेलो.

परत आलो तर पुस्तक बॅगेवर ठेवलेलं. मी एक बाजू शिवली होती. उरलेल्या तिन्ही तिनं शिवल्या होत्या. लाल दोऱ्यानं, चांगल्या घट्ट.

"मोठी आई! अगं हे काय केलंस?"

"काय केलं? एकच बाजू शिवून पळालास. वाकळ काय एका अंगानं शिवत्यात व्हय? पानं सांडली असती समदी."

"पुस्तक उघडायचं असतं गं!"

"मग उघड की. न्हाई कोन म्हनतंय? सुटंना तर फोन कर, मी सांगते."

"मी समोर उभा आहे, आत्ता सांग!"

"आत्ता कावून?" ती शांतपणे म्हणाली. "पोचल्यावर सांगते."

एस्टीची वेळ झाली होती. पुण्याला पोचल्यावर मी फोन केला. बॅगेचं टोक तिनं लगेच सांगितलं, पुस्तकाचं मात्र नाही. "ते परीक्षेत उघड, मास्तरांम्होरं. तवर मळंल." मी कात्री हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. दोरा पानांच्या इतका जवळून गेला होता, की कात्री लावली असती तर पानंच फाटली असती. शिवाय कायदा मोडायची हिंमत नव्हती, खोटं कशाला बोलू?

परीक्षेच्या दिवशी परीक्षक मॅडमनी पुस्तक हातात घेतलं, चारी बाजूंनी फिरवलं. "वाचकाला अडवणारी शिवण! फारच धाडसी संकल्पना आहे."

"मॅडम, ही संकल्पना नाही," मी म्हणालो. "ही मोठी आई आहे." आणि सरळ फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"कोन हाय संगं?"

"मॅडम आहेत."

"जेवल्या का त्या? बरं, खालच्या अंगाचं डावं टोक वड."

ओढलं. आवळलं. "मोठी आई, सुटंना गं!"

"आरं मुडद्या, तुजं डावं न्हाई, माजं डावं! मी त्या अंगाला बसून शिवलेलं हाय."

दुसरं टोक धरलं आणि दोरा तिन्ही बाजूंनी सरसर निघून आला. मॅडमनी पहिलं पान उघडलं. गॅसचं लग्न वाचून त्या इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या. मी पास झालो. गेवराईचा गाळा वाचला.

सुट्टीत घरी गेल्यावर मात्र मी तिला धरलंच. "खरं सांग, असं कावून करतीस? माझं वर्ष गेलं असतं ना."

ती शेंगा फोडत होती. मान वर केली नाही. "माजे माय-बाप ऊस तोडाया जायाचे. टॅक्टर येशीभायेर गेला की गेला. पोचले का, कसे हायत, पाडव्यापस्तोर काय कळायचं न्हाई. मी आपली येशीत जाऊन बसायची." मग शेंगेला म्हणाली, "फूट की गं, लाजतीस कशाला?" आणि मला, "पोचलो म्हनून कुनी फोन करतं व्हय रं? गाठ सुटंना म्हनून का व्हईना, करत्यात समदे."

मी पण शेंगा फोडत बसलो.

ह्या दिवाळीला निघताना मी आपण होऊन बॅग तिच्यापुढं ठेवली. तिनं दाभण काढलं. उजेडाकडं धरून दोरा ओवायला लागली. हुकला. पुन्हा हुकला. दोऱ्याचं टोक तोंडात ओलं केलं, डोळे बारीक केले. मी हात पुढं केला, तर तिनं तो झटकला. शेवटी दाभण डबीत टाकलं आणि म्हणाली, "जा आता. एस्टी चुकंल."

दाभणाला ती एक शब्दही बोलली नाही.

पुण्यात खोलीवर आलो, चेन ओढली, बॅग लगेच उघडली. त्या उघड्या बॅगेकडं बघून मला रडूच आलं. मी फोन लावला.

"मोठी आई, गाठ सुटंना."

गाठ नव्हतीच, हे तिलाही ठाऊक होतं. मग तिनं घसा खाकरला.

"डावं टोक धर, मुडद्या. माजं डावं," ती म्हणाली. "आन् नीट पोचलास न्हवं?"