वेस्टमोरचं स्थळ

आमचे शेजारी बापूसाहेब जगताप रोज संध्याकाळी साडेपाचला गाडीत बसतात आणि कुठेही जात नाहीत.

म्हणजे अगदी रीतसर बसतात हं. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, पायात बूट. डावीकडचं दार उघडून आत बसायचं, पट्टा लावायचा, काच अर्धी खाली घ्यायची. मग अर्धा तास गाडी जागची हलत नाही, आणि बापूसाहेबांचं तोंड काही थांबत नाही. "हळू. पुढे खड्डा आहे. डावीकडून सायकल येतेय, सांभाळून." खड्डा नाही, सायकल नाही. समोर फक्त चबुतरा, कबुतरांना दाणे टाकायचा उंच खांब, आणि त्यावरची कबुतरं. नवीन कुणी आमच्या बडोद्याच्या घडियाळी पोळीत, म्हणजे आमच्या गल्लीत, राहायला आलं की पहिल्या आठवड्यात मला हळूच विचारतं, "सुनंदाबेन, पेला काका बराबर छे ने?" म्हणजे डोकं ठिकाणावर आहे ना. मी सांगते, बराबर आहेत, फक्त अमेरिकन आहेत.

गाडी अमेरिकन. वेस्टमोर नावाची, बदामी रंगाची, पलंगाएवढी रुंद. बाहेरच्या कंपन्यांना आपल्याकडे दारं उघडली, त्या नव्या नवलाईत बापूसाहेबांनी मकरपुऱ्याच्या कारखान्यातली आयुष्यभराची शिल्लक मोडून ती घेतली. घेतली आणि मग कळलं, पोळीत शिरतच नाही! माणूस आणि म्हैस समोरासमोर आले तर एकानं ओट्यावर चढायचं, अशी आमची गल्ली. तेव्हापासून गाडी पोळीच्या तोंडाशी, चबुतऱ्यासमोर. आणखी एक गंमत, बापूसाहेबांना गाडी चालवता येत नाही. चालवायच्या त्या कमलवहिनी, त्यांच्या पत्नी. पाच फुटांच्या आतबाहेर उंची, नऊवारीचा काचा मारलेला, आणि मांडवीच्या गर्दीतून गाडी अशी काढायच्या की रिक्षावाले नमस्कार करायचे. शेजारी बसून बापूसाहेब सूचना द्यायचे. वहिनींना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून गाडी चबुतऱ्यासमोरच आहे.

तुम्ही चालवायला शिका म्हटलं की बापूसाहेब छाती काढून सांगायचे, "आमचे पणजोबा सरकारच्या रिसाल्यात होते. जगताप घोड्याला लगाम घालतात, क्लच दाबत नाहीत." दसऱ्याला पणजोबांची तलवार गाडीच्या बॉनेटवर ठेवून दोघांची एकदम पूजा. कुंकू तलवारीला, झेंडूची माळ गाडीला, आणि श्रीखंडाची वाटी मला, म्हणून मी कधी हसले नाही.

मग अमेरिकेत बँका बुडाल्या आणि वेस्टमोर बनवणारी ती भलीमोठी कंपनीही गटांगळ्या खाऊ लागली. बडोद्यात ही बातमी सगळ्यांनी वाचली. मनावर घेतली ती एकट्या बापूसाहेबांनी.

आमच्या ओट्यावर येऊन ते पेपर उघडायचे आणि सुरू व्हायचे. कंपनीची आठ-नऊ नावं, प्रत्येक नावाच्या वेगळ्या गाड्या. बापूसाहेबांच्या लेखी ती एका घरातली भावंडं होती. "थोरला कर्ता आहे, त्याला हात लावणार नाहीत. मधला खर्चिक. आमची वेस्टमोर धाकटी. गुणी पोर, पण बिचारीच्या नशिबी हे आलं." मग अमेरिकेच्या सरकारनं मदत दिली. बापूसाहेबांनी पेढे वाटले. "दरबारानं खजिना उघडला! पण अट घातलीय. चार पोरं ठेवा, बाकीच्यांची व्यवस्था लावा."

"आणि धाकटी?" आमच्या ह्यांनी विचारलं. ह्यांना असल्या वेळी काडी टाकायची भारी हौस.

"तिच्यासाठी स्थळ बघतायत," बापूसाहेब गंभीरपणे म्हणाले. "चिनी आहे."

"अहो, पण जेवणाखाण्याचं कसं होणार तिचं?"

"चेष्टा नको. घराणं पैसेवालं आहे."

मी मधेच म्हणाले, "बापूसाहेब, कंपनीच उठली तर?" तेव्हा त्यांचं ठरलेलं वाक्य आलं. "सुनंदाबाई, अमेरिका म्हणजे काय पानाचा गल्ला आहे, कोपऱ्यावरची टपरी? आज मांडला नि उद्या उठवला? शांती राखो, शांती!"

त्यातच उभ्या उभ्या गाडीचा पेट्रोलचा पंप गेला. मकरपुऱ्याच्या गॅरेजवाल्यानं स्पष्ट सांगितलं, "बापू, हा पार्ट आता मिळायचा नाही. कंपनी चालू आहे तोवर विकून टाका. नाव बंद पडलं की भंगारवालासुद्धा फिरकणार नाही." आमच्या ह्यांनीही तोच घोशा लावला. गाडी हलत नाही, चालवायला माणूस नाही, बॅटरी मात्र बापूसाहेब महिन्याच्या महिन्याला काढून, खांद्यावरून नेऊन चार्ज करून आणतात. या वयात! मीही म्हटलं, बापूसाहेब, द्या एकदाची. शेवटी ते हो म्हणाले. दोन दिवस आमच्या ओट्यावर फिरकले नाहीत.

सावली गावच्या एका जयेशभाईंचा निरोप आला, रविवारी गाडी बघायला येतो. बघायला येतो! एवढे दोन शब्द पुरले. बापूसाहेबांनी सकाळीच मला निरोप धाडला, पोहे करा, वर खोबरं जास्त घाला.

जयेशभाई उंचापुरा, हसरा माणूस. येताना भावाचा ट्रॅक्टर आणि जाड दोरखंड घेऊनच आलेला, पसंत पडली की ओढत न्यायची. बापूसाहेबांनी त्याला ओट्यावर बसवलं, हातात पोह्यांची बशी दिली आणि चौकशी मांडली. घरात माणसं किती? गाडी सावलीत ठेवणार ना? म्हशी जवळ तर बांधत नाही? तंबाखू? जयेशभाईंनी घाईघाईनं तोंडातला तोबरा नाल्यात थुंकला.

"आणि तुमच्या घरी बायका गाडी चालवतात?"

"ना रे ना, बापू!" जयेशभाई अभिमानानं म्हणाले.

बापूसाहेबांचा चेहरा पडला. "मग जरा विचार करावा लागेल."

"विचार कसला करताय!" आमचे हे पेपर नाचवत आले. "चिनी स्थळ मोडलं. आजच आलंय छापून. वेस्टमोर बंद. कायमची."

मला वाटलं, आता पानाचा गल्ला येणार. आला नाही. बापूसाहेबांनी पेपर घेतला, चष्मा पुसला, वाचलं, परत पुसला. मग खिशातून किल्ली काढून जयेशभाईंच्या हातात ठेवली. "न्या," म्हणाले.

सगळी पोळ जमली. दोरखंड बांधला. भाऊ ट्रॅक्टरवर चढला. सुकाणू धरायला जयेशभाई गाडीत शिरायला लागले, तर गुडघे स्टिअरिंगला अडकून अर्धे आत, अर्धे बाहेर. पोरं फिदीफिदी हसायला लागली. "बाप रे, अहीं कोण बेसतुं हतुं?" इथे बसायचं तरी कोण, म्हणत त्यांनी सीट मागे सारायला खाली हात घातला.

"सीटला हात लावायचा नाही!"

बापूसाहेब असे ओरडले की चबुतऱ्यावरची सगळी कबुतरं उडाली. जयेशभाई जागच्या जागी थिजले.

बापूसाहेबांचा आवाज एकदम खाली आला. "तिचे पाय पोचत नव्हते हो. तीन दिवस खटपट करून ती सीट बसवली होती मी. पेडलला पाय टेकेल, पण पाठ दुखणार नाही, अशी. एकदा हलली तर मला नाही पुन्हा बसवता यायची. आता मोजायला माणूस कुठे आहे?"

तीन वर्षं आम्ही या माणसाला हसत होतो, खड्डा नाही, सायकल नाही म्हणून. रस्ता दाखवत होता तो, आणि कुणाला, हे मला, अहो रोज ओट्यावर बसणाऱ्या मला, कळू नये?

जयेशभाई अंग चोरत बाहेर आले. सीट इंचभरही न हलवता. किल्ली बापूसाहेबांच्या मुठीत परत ठेवली आणि स्वतः खाली बसून दोरखंड सोडायला लागले. "बापू, गाडी तमारे त्यां ज सारी, तुमच्याकडेच बरी," एवढंच म्हणाले. पोह्यांची दुसरी बशी मी त्यांना बळेच खायला लावली.

ट्रॅक्टर गेला, माणसं पांगली. बापूसाहेब गाडीत जाऊन बसले. डावीकडे. पट्टा लावला, पण बोलेनात.

मला स्कूटीशिवाय काही चालवता येत नाही. पण वहिनी नि मी एकाच उंचीच्या, वहिनींचे ब्लाउज मला नि माझे वहिनींना नीट बसायचे, एवढं मला आठवलं. मी वळसा घालून गेले, उजवीकडचं दार उघडलं आणि आत बसले. पाय बरोबर पेडलवर टेकले.

बापूसाहेबांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "डावीकडून सायकल येतेय."

मी हॉर्न दिला.