स्वतःचा संशयित

निगडी प्राधिकरणातल्या 'सद्भावना' गृहरचना संस्थेत गाडी लावायला छपराखाली एकच जागा रिकामी होती आणि तिच्यावर डोळा अख्ख्या इमारतीचा होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तर चिठ्ठ्या घडी करणाऱ्यावर कुणाचा विश्वास नाही. म्हणून अध्यक्ष अण्णासाहेबांनी शास्त्रीय तोडगा काढला. 'शेजारशोध' नावाचा हेरगिरीचा मोबाइल गेम सर्वांनी खेळायचा, मात्र संशयित म्हणून खरे शेजारी घ्यायचे. त्यांचा फोटो तक्रारीसह टाकायचा, सभासदांनी मतं देऊन मान्य केला की गुण. दिवाळीला ज्याचे गुण जास्त, त्याची गाडी सावलीत.

रंगरावांना हे घरचंच कार्य वाटलं. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी उभी हयात माल तपासण्यात घालवली होती. निर्दोष सिद्ध होईपर्यंत प्रत्येक नग सदोष, हे त्यांचं ब्रीद.

पहिला सदोष नग सापडला वरच्या मजल्यावर. भाडेकरू बुद्धरत्न. दिवसा पडदे लावून झोपतो, दिवेलागणीला पाठीवर सॅक टाकून निघतो.

"काका, नाइट शिफ्ट आहे माझी," तो म्हणाला. "तुम्हीही केलीय की."

"म्हणजे रात्री घराबाहेर असतोस, हे कबूल?"

"त्यात कबूल काय करायचं?"

"आरोपी सहकार्य करत नाही," असं रंगरावांनी नोंदवलं. संस्थेच्या समितीनं 'भाडेकरू हलवा' असं घरमालकाला एकमतानं कळवलं आणि बुद्धरत्न मोशीला राहायला गेला. टेम्पोत सामान चढत असताना टेम्पोचाही फोटो काढून रंगरावांनी जादा गुण घेतले.

"पोरगं गुणी होतं हो," रंगरावांच्या पत्नी सुमनताई म्हणाल्या. "गॅसची टाकी तोच वर आणून द्यायचा."

'संशयिताशी पत्नीची जवळीक' या सदरात रंगरावांना आणखी गुण पडले. त्या दिवशी भाजी खारट झाली, तीही त्यांनी पुरावा म्हणून डब्यात भरून ठेवली.

आता स्पर्धेत रंगरावांच्या पाठोपाठ होत्या फक्त तळमजल्यावरच्या सोजरबाई. आणि ऐन शेवटच्या दिवशी, भरदुपारी, रंगराव लिफ्टमध्ये अडकले. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. आरडाओरडा ऐकून सगळी इमारत जमली आणि सगळ्या इमारतीनं मोबाइल काढले.

"अहो, मेकॅनिकला बोलवा कुणीतरी!"

"हलू नगा, भाऊ, फोटू हलतोय," सोजरबाई जाळीतून म्हणाल्या. "आन् आत एकलेच काय करताय?"

"अडकलोय!"

"समदे असंच म्हणत्यात."

भराभर मतं पडली. सोजरबाई पहिल्या क्रमांकावर गेल्या. रंगरावांच्या मनातली लिफ्ट कोसळायची भीती मागे पडली आणि जन्मभर उन्हात तापणारी आपली गाडी डोळ्यांपुढे आली. त्यांनी स्वतःचाच घामेजलेला फोटो काढला आणि तक्रार टाकली: 'सदर इसम बराच वेळ आत. वर्तन पहिल्यापासून संशयास्पद.' फोटो इतक्या जवळून कुणालाच मिळाला नव्हता. मतं येऊ लागली.

तेवढ्यात मेकॅनिक आला, त्यानं लिफ्ट मजल्याला लावली. "या काका बाहेर."

"थांब जरा," रंगरावांनी आतून दार घट्ट धरलं. "आत्ता सुटलो तर संशय राहील का?"

हसणाऱ्या वाचकांनी शेजारच्या खिडकीत एकदा डोकावून पाहावं, असं सुचवायची गरज नाही. ते तुम्ही रोज करताच, आणि तेही गुण मिळत नसताना.