अर्धा पिक्चर पाहिलेली बायजाक्का

हंडा अजून अर्धाबी भरला नव्हता अन् शेजारची कमल टँकरच्या लाइनीत बोंबलत आली, "अगं मंगल, तू हितं हायेस व्हय? तिकडं कंपनीच्या गेटवर तू मेली म्हणून बायजाक्कानं पोलीस बोलावलाय!"

माझ्या हातातून पाइपच सुटला. मागच्या बाया माझ्या नावानं ओरडायल्या, पाणी वाया चाललं म्हणून, अन् मी आपली खांबासारखी उभी. मेले कशाची, जित्ती हाय मी. पण सुट्टीच्या भोंग्याआधीच मी कंपनीतून निघालेली, अन् ते मेल्याहून वाईट. आमच्यात भोंग्याआधी बाहेर सापडली की दुसऱ्या दिवशी गेटच्या आत घेत नाय. आधीच दोघींला तसं काढलेलं.

तुम्ही म्हणताल, एक बाई दिसली नाय म्हणून लगेच कुणी पोलीस बोलावतं का? तर मग तुम्हाला बायजाक्का म्हाईत नाय. थांबा, दम घेते, सांगते.

आक्का माझ्याच टेबलावर पॅकिंगला. पन्नाशीची, काटक, पैठणकडच्या धनगराची. नवरा कधीचा गेलेला. चारा संपला, मेंढरं इकली अन् कंपनीत लागली. आमीबी तसेच आलेलो. नवरा टेम्पोवर, मी पॅकिंगला, दहा महिन्याची पोरगी शेजारच्या म्हातारीपाशी. तवा कंपनीभोवतीच्या माळावर नुसत्या खोल्यावर खोल्या उठायल्या व्हत्या अन् पाणी कुठंच नाय.

आक्का आधी बरी व्हती. बिघडली ती एका रविवारी दुपारी. घरमालकाच्या टीव्हीवर पिक्चर लागलेला. कंपनीतून सुटलेल्या बायांला एकेकीला गाठून मारणारा माणूस, अन् त्याचं तोंड काय दाखवत नायत, नुसते बूट. कर्र कर्र वाजणारे. आम्ही पंधरा-वीस बाया पदराचं टोक दातात धरून बसलेलो. चौथी बाई गेटातून निघाली, बूट वाजले, अन् लाइट गेली. आली ती दुसऱ्या दिवशी.

बाया उठून भाकरी टाकायला गेल्या. आक्का तिथंच बसून. म्हणली, "म्हंजे तो मोकळाच हाय."

"आक्का, पिक्चर हाय तो."

"असंल. पण लाइट गेली तवा धरला व्हता का त्याला?"

"नव्हता."

"मग मोकळाच हाय."

आमच्यातल्या एकीनं तो पिक्चर आधी पाहिलेला. ती शेवट सांगायला लागली तर आक्कानं दोन्ही कानांवर हात ठेवले. "ऐकीव मेंढरू मी इकत घेत नसते. डोळ्यानं दाखव."

तिथून गड्यांच्या बुटांची तपासणी सुरू झाली. कँटीनवाला, लोडिंगवाले, मशीन दुरुस्तीला आलेला नवा पोरगा, कुणाला सोडलं नाय. पण खरे वाजायचे ते आमच्या सुपरवायझरचे, कुलकर्णी साहेबांचे. शहरातला गोरागोमटा माणूस, पुस्तकातल्यासारखं बोलायचा. आक्का म्हणली, "साहेब, जरा चालून दाखवा."

"का हो?"

"असंच. आता वळा. आता हिकडं या."

साहेब चालले, वळले, परत आले, मग त्यांना राग आला. "आक्का, हा काय प्रकार आहे? मला काय पाहुणे बघायला आलेत?"

तिसऱ्या दिवशी साहेब चपला घालून आले. तर आक्का सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणली, "बूट का लपवले मग?"

पण खरा कहर गेटवर. आमच्या मोठ्या गेटाला एक लहान दार हाय, एका येळी एकच बाई निघंल एवढं. सुट्टी झाली की आक्का सगळ्यांच्या आधी पळत जाऊन त्या दारात काठी आडवी धरायची. प्रत्येकीनं वाकायचं, काठीखालून निघायचं, अन् निघताना आक्का पाठीवर हात ठेवणार. मेंढरं कोंडताना असंच मोजतेत म्हणं. आकडा मोजायचा नाय, आकड्याला नजर लागती. एकेकीला खुणेनं वळखायचं. अर्धी मेंदी अन् अर्धे पांढरे केस असलेली बांडी. कुणाशी न बोलणारी घुमी. मी लेकुरवाळी. शेवटची निघाली की आक्का मोठ्यानं म्हणायची, "पुऱ्या झाल्या!" अन् मग आपण निघायची.

वाचमन रहीमचाचा खुलताबादचे. रोज बेजार. "आक्का, तुमच्या बकऱ्या पुरे हुए क्या? गेट बंद करना है मेरेकू."

"बकऱ्या नाय, मेंढरं. बकरी लबाड असती."

आम्ही हसायचो, शिव्या द्यायचो, पण वाकायचो. हातच असा खरबरीत व्हता तिचा, अन् जरा थांबायचा पाठीवर. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

तर त्या दिवशी पोरीला सकाळपासून जुलाब, अन् घरात तांब्याभर पाणी. सहा दिवसांनी टँकर यायचा, तो कवा येईल नेम नाय. पोरगी सांभाळणारी म्हातारी मिस कॉल देणार असं ठरलेलं. मिस कॉल आला तवा भोंग्याला अर्धा तास व्हता. मी जीव मुठीत धरून भंगाराच्या मागं तारेला भोक हाय तिथून निघाले. मनात एकच, पोरीला पाणी. आक्काची काठी पार इसरले.

आता कमलच्या हातात हंडा देऊन उलटी पळाले. तारेत पदर अडकला, फाटला. भंगारामागून संडासात शिरले, श्वास दाबला, अन् दाराच्या फटीतून बाहेरचं दिसायलं, ऐकू यायलं.

गेट बंद. निघालेल्या बायाबी आक्कानं परत आत वळवलेल्या, सगळ्या आत अडकलेल्या. मोटारसायकलवर आलेला एक हवालदार वही काढून उभा, अन् त्याच्यापुढं आक्का काठी घेऊन.

"एकूण बाया किती?"

"आकडा सांगत नसते."

"का?"

"नजर लागती."

"अहो बाई, मग मी लिहू काय?"

"लिव्हा, एक कमी हाय."

"कितीतून एक?"

"पुऱ्यातून."

हवालदारानं टोपी काढून घाम पुसला. "बरं, वर्णन सांगा."

"लेकुरवाळी. भित्री. जरा आवाज झाला की आधी पळती, मग बघती काय झालं ते."

"बाईचं सांगा हो, मेंढीचं नको!"

"बाईचंच सांगायले!"

कुणीतरी फिसकन हसलं. मी पोट धरून बाहेर आले. "हाय की मी. संडासात व्हते. पोट दुखतंय सकाळपासून."

मग काय, बाया सुटल्याच माझ्यावर. "अगं सटवे, आवाज द्यायला काय झालं?" "माझा नवरा तिकडं चहा मागून मागून मरंल की!" रहीमचाचा म्हणले, "या अल्ला, मिल गई बकरी." हवालदारानं वही मिटली अन् कुलकर्णी साहेबांकडं असं पाहिलं की साहेब लालबुंद.

आक्कानं काठी काखेत मारली. माझ्यापाशी आली, पाठीवर हात ठेवला अन् खाली पाहिलं. माझ्या निऱ्या गुडघ्यापर्यंत ओल्या, वर टँकरखालचा चिखल. अन् आमच्या संडासाच्या नळाला आठ दिवस झाले थेंब नव्हता, हे सगळ्या कंपनीला म्हाईत. आक्काला समजलं. मला समजलं की तिला समजलं. आता बोलती, आता बोलती म्हणून मी तिच्या तोंडाकडं बघायले.

ती वळली अन् म्हणली, "चुकलं साहेब. संडासातली धरलीच नाय, मोजताना चुकलं माझं. म्हातारी झाले."

जन्मात एक मेंढरू चुकली नाय म्हणून मिरवणारी बाई ती.

हवालदार गेला. गेट उघडलं. साहेब मला म्हणले, "तुम्ही थांबा," अन् कागद करायला हापिसात गेले. आम्ही दोघी भिंतीच्या सावलीत बसलो. मी म्हणले, "आक्का, खरं सांगून टाकू का?"

"गप. लेकरू हाय तुला."

"पण तुम्ही एवढा बोभाटा कशाला केला? थोडं शोधायचं तरी."

ती काठीनं मातीत रेघा ओढत बसली. मग म्हणली, "माझ्या बहिणीची लीला सूतगिरणीत व्हती. तुझ्याएवढी. सुट्टी झाली, सगळ्या बाया निघाल्या. पुढच्यांना वाटलं मागून येतीय, मागच्यांना वाटलं पुढं गेली. तिसऱ्या दिवशी सापडली, कॅनॉलच्या कडंला. कुणी केलं ते आजवर समजलं नाय." एक रेघ हातानं पुसली. "माझं मेंढरू चुकलं असतं तर मी तासाभरात डोंगर पालथा घातला असता. पोरीला कुणी मोजलंच नव्हतं."

मी जवळ सरकले. हात धरावा म्हणलं तर साहेब आले.

तेबी वाईट माणूस नव्हते, खरं सांगते. मान खाली घालूनच म्हणाले, "मलाही बरं वाटत नाही. पण पोलीस आले, आता वरून विचारणा होणार." कागदावर लिव्हलेलं, बायजाक्का कामगार महिलांना त्रास देते, अफवा पसरवते, कामात अडथळा आणते, तरी तिला कमी करावं. खाली सह्यांसाठी जागा. "घोळ तुमच्यावरून झाला, तेव्हा पहिली सही तुमची. बाकीच्यांच्या उद्या घेतो."

मी सातवी शिकलेली. सगळं वाचता आलं. न येतं तर बरं झालं असतं.

साहेबांनी पेन हातात दिलं. खरं बोलले तर माझं काम जातं. पोरगी तिकडं म्हातारीच्या मांडीवर सुकलेली, डाक्टर बाकी, खोलीचं भाडं बाकी. नाय बोलले तर हिचं जातं, जिनं माझ्यापायी सगळ्यांदेखत मान खाली घातली. मी आक्काकडं पाहिलं.

"कर सही," ती म्हणली. "माझ्यामागं खाणारं कोण हाय?"

ते ती हसून म्हणली, म्हणून जास्त लागलं.

वारा सुटला व्हता, धुळीचा. कागद फडफडायला लागला, मला धरता येईना. तर आक्कानंच त्याच्यावर हात दाबून धरला. तो खरबरीत हात. मी त्याच्या कडंनं माझं नाव लिव्हलं.

दुसऱ्या दिवसापासून आक्का आली नाय. आठ दिवसांनी तिच्या खोलीवर गेले तर तिथं दुसरंच बिऱ्हाड. पैठणला गेली म्हणतेत, कुणी म्हणतं हर्सूलकडं भांडे घासायला लागली. पोरगी बरी झाली. माझं काम ऱ्हायलं.

तुम्ही मला नावं ठेवताल, ठेवा. पण पोर तिकडं तशी पडलेली, पेन हातात दिलेलं, अन् कागद तिनंच धरलेला. तुम्ही असता तिथं, तर काय केलं असतं? खरं सांगा, काय केलं असतं?