महानंदाबाईंचा उशिराचा हप्ता

महानंदाबाई फोन उचलतात तेव्हा महानंदाबाई घरात नसतात.

फोन वाजला की त्या आधी नंबर बघतात. मग पदर तोंडावर धरतात, नाक चिमटीत पकडतात आणि कुण्या कोवळ्या मोलकरणीच्या आवाजात कानडीतून सांगतात, "बाई मन्याग इल्लरी." म्हणजे, बाई घरी नाहीत. मग फोन ओट्यावर ठेवून आपल्या नेहमीच्या घोगऱ्या आवाजात मला म्हणतात, "गेला येडा. वाढा बाई, पोरं खोळंबलीत."

आम्ही दोघी लातुरात खानावळ चालवतो. डॉक्टर व्हायला गावोगावहून आलेली पोरं आमच्याकडे जेवतात. भाजी-वरण माझ्याकडे, भाकरी-चपाती महानंदाबाईंकडे, नफा निम्मा निम्मा. त्यांचं माहेर देवणीच्या पलीकडं, एका बांधावर महाराष्ट्र आणि दुसऱ्या बांधावर कर्नाटक असलेल्या गावात. नवरा वारल्यावर किराणा दुकान दिरांकडं गेलं. ह्यांच्या वाट्याला दोन खोल्या आणि एक मोठा तवा आला. कपाळावर भस्माची बोटं, गळ्यात लिंग, आणि एखाद्या नव्या पोरानं अंड्याचं नाव काढलं की "शिवा शिवा!" म्हणून त्याच्या ताटावर एवढं पाणी शिंपडतात की वरणाचं सार होतं.

पोरांची नावं त्यांना कधीच लक्षात राहत नाहीत. त्या खाण्यावरून ओळखतात. "पाच चपाती आली का?" "बिनमिठाचा ताप उतरला का?" निकालाच्या दिवशी त्यांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटत सांगितलं होतं, "आमची पाच चपाती डॉक्टर झाली!" गल्लीला काय समजायचं ते समजलं.

आणि प्रत्येक अडचणीवर त्यांचं एकच उत्तर असतं. "उदगीर जिल्हा होऊ द्या, मग बघू." उदगीर वेगळा जिल्हा होणार ही बातमी आमच्याकडं दर उन्हाळ्यात उगवते आणि पावसाळ्यात कुजते. पण महानंदाबाईंचा तिच्यावर विश्वास. शेगडीचा बर्नर बदलायचा? उदगीर जिल्हा होऊ द्या. खिडकीला जाळी? उदगीर जिल्हा होऊ द्या. एकदा त्यांची दाढ ठणकत होती. डॉक्टरांनाही त्यांनी हेच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, जिल्ह्याचं सरकारला विचारा. दाढ आज काढायची आहे."

दुष्काळाच्या त्या वर्षी मात्र त्या कशासाठीही थांबल्या नाहीत. लातूरला पाणी रेल्वेनं आलं ते वर्ष. घरमालकाची बोअर कोरडी पडली, नळ कधी येईल ते नळालाही माहीत नव्हतं. क्लासची निम्मी पोरं गावी परतली. उरलेल्यांना खाऊ घालायचं तर भांडी धुवायला पाणी नाही. मी खानावळ बंद करावी का ह्याचा विचार करत होते, आणि एका दुपारी दारात सात सीटची कोरी गाडी उभी राहिली. दुधासारखी पांढरी. आतून महानंदाबाई उतरल्या.

"ताटं निम्मी झालीत आणि तुम्ही गाडी आणली?" मी ओरडलेच.

"टँकर काय आपल्या बापाचा हाय, बाई? गाडी तर आपली हाय!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या सीटा काढून माळ्यावर टाकल्या आणि तिथं पाण्याचे कॅन रचले. औशाच्या पुढं त्यांच्या चुलतभावाच्या विहिरीला थोडं पाणी होतं. भल्या सकाळी त्या निघायच्या आणि पहिल्या गियरमध्ये, बैलगाड्यांना वाट देत, पाणी घेऊन परत यायच्या. लातुरातली सगळ्यात महाग घागर आमच्याकडं होती. पण खानावळ त्या घागरीवर जगली, हे खरं. डबेही तीच गाडी पोचवायची.

गाडीचं कर्ज कसं मिळालं, हे मी विचारलं नाही. शोरूमच्या माणसानं तासाभरात एका खासगी फायनान्स कंपनीचे कागद आणले आणि ह्यांनी सह्या केल्या. व्याज बँकेच्या जवळजवळ दुप्पट. मग वसुलीचे फोन सुरू झाले आणि त्या कानडी मोलकरणीचा जन्म झाला. त्या दिवसापर्यंत महानंदाबाईंना कानडी येतं हे मला ठाऊक नव्हतं.

युक्ती काही महिने चालली. मग कंपनीनं नांदेडच्या ऑफिसातून एका कानडी बोलणाऱ्या बाईला फोनवर बसवलं. मी मनात म्हटलं, आता सापडल्या. पण ह्यांचे फोन उलट लांबायला लागले. पीठ मळत, फोन खांदा आणि कानात दाबून, अर्धा अर्धा तास. मधेच खुदकन हसायच्या. मला वाटायचं, काय पटवतात वसुलीवाल्यांना! मला कौतुकच होतं.

सततच्या उशिरापायी गाडी जप्त करण्याची नोटीस आली तेव्हा कौतुक संपलं. गाडी गेली तर पाणी गेलं, पाणी गेलं तर खानावळ. बँकेकडून कमी व्याजानं कर्ज घेऊन कंपनीचं एकदम फेडून टाकावं, असं मी ठरवलं आणि महानंदाबाईंना घेऊन बँकेत गेले. त्या ठेवणीतलं इरकल नेसून आल्या होत्या.

साहेबांनी पडद्यावर आकडा पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला.

"बाई, तुमची पत फारच घसरलीय."

"घसरली तर वर घ्या की, साहेब," महानंदाबाई म्हणाल्या. "तुमच्याच हातात हाय."

टोकन घेऊन बसलेले दोघे-तिघे हसले. त्यात आमच्या एका पोराचे वडील होते. त्यांनी मला ओळखून नमस्कार केला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

"नवल असं," साहेब जरा मोठ्यानंच म्हणाले, "की एकही हप्ता बुडालेला नाही, पण वेळेवरही एकही नाही. दर महिन्याला दंड. खात्यात तर पैसे दिसतात. मग वेळेवर भरत का नव्हता?"

महानंदाबाई ह्याचं काहीतरी भन्नाट उत्तर देतील, म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इरकलचा काठ बोटाला गुंडाळत, सोडत, त्या बसून राहिल्या. ज्या बाईनं कलेक्टर कचेरीतल्या शिपायाला दम भरून रांगेत उभं केलं होतं, तिला बोलता येईना. मला आधी तिची लाज वाटली, मग तिच्याबरोबर बसल्याची.

साहेबांनी मार्ग सांगितला. माझं घराचं कर्ज वेळेवर फिटलेलं, म्हणून मी सहकर्जदार झाले तर काम होईल. म्हणजे उद्या ह्यांनी भरलं नाही तर ते माझ्या गळ्यात. मी म्हटलं, विचार करून सांगते.

परतताना गाडीत मला राहवलं नाही. "पैसे होते तर कुठं जात होते? कुणाला देता? माझ्या वाट्यातले तर नाहीत ना?"

त्यांनी गाडी भर रस्त्यात थांबवली. मागून हॉर्नचा गोंधळ उठला.

"तुमचा एक पैसा इकडचा तिकडं न्हाई, बाई. शिवाची आन. पन कामून ते इचारू नका. लाज वाटते."

मी विचारलं नाही. पण विश्वासही ठेवला नाही.

नेमकं किती फेडायचं राहिलंय, ते कंपनीला विचारायचं होतं. दुसऱ्या दिवशी महानंदाबाईंना म्हटलं तर त्या तव्यापासून हलेनात. शेवटी त्यांचाच फोन मी घेतला, स्पीकरवर टाकला आणि लावला. मी तोंड उघडण्याआधीच पलीकडून कानडीचा असा लोंढा आला, जणू माहेरवाशीण वेशीत दिसली.

"मी त्यांची भागीदार सुमन बोलतेय," मी म्हटलं.

आवाज एकदम ऑफिसचा झाला. "बोला मॅडम. मी शांतम्मा."

मी सगळं सांगितलं.

"म्हणजे हप्ता आता बँकेत जाणार."

"हो. खात्यातून आपोआप कटेल."

"चांगलं झालं, मॅडम. मी किती वेळा सांगितलं अक्काला. म्हटलं पाच तारखेला भर, दंड कशाला देती? तर म्हणायची, वेळेवर भरला तर तू फोन कशाला करशील?"

मी महानंदाबाईंकडं पाहिलं. त्यांची पाठ माझ्याकडं होती. तव्यावरची चपाती फुगली, करपली, धूर निघाला, तरी त्यांनी उलटली नाही. मी फोन ठेवला आणि गॅस बंद केला.

"लगीन होऊन आले तर सासरी कानडी बोललं की हसायचे," त्या भिंतीला सांगावं तसं म्हणाल्या. "जावा नक्कल करायच्या. सोडून दिली मी. आईसंग तेवढं फोनवर बोलायचे, मोरीत जाऊन, हळू. आई गेली. भावांच्या घरात आता समदे मराठीच बोलतात. मंग कोन राहिलं?"

"आणि ही शांतम्मा?"

"आधी खरंच पैसे जुळत नव्हते. हिच्या पयल्या फोनला मी सांगितलं, बाई घरी न्हाईत. तर ही काय म्हनली? बाई नसू दे, तू जेवलीस का?" त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मोलकरीन समजून इचारलं, बाई. मला रडूच आलं, मीच ती बाई म्हनून सांगून टाकलं. पन्नाशी उलटली माझी, दंड भरून गप्पा मारते. कोन्या तोंडानं सांगू त्या साहेबाला?"

इतकी वर्षं एका ओट्यावर आम्ही दोघी. भाजीत मीठ किती, गॅस किती दिवस पुरला, कोण पोरगं पैसे न देता पळालं, हेच बोलणं. मी ह्या बाईला कधी काय विचारलं होतं? काल तेवढं विचारलं होतं, पैसे कुठं जातात म्हणून. मला त्यांच्याकडं बघवेना. मी करपलेली चपाती उचलली आणि गायीच्या टोपलीत टाकली. दुपारी बँकेत जाऊन सही केली.

बँकेचा चेक कंपनीला मिळाला. कर्ज फिटल्याचं पत्र तेवढं नांदेडच्या ऑफिसातून स्वतः जाऊन आणायचं होतं. आम्ही गाडी घेऊन निघालो. अहमदपूर, लोहा, दोन्ही बाजूंना काळी भेगाळलेली रानं. महानंदाबाईंनी ऑफिससमोर गाडी लावली आणि स्टिअरिंग धरून बसून राहिल्या.

"उतरा की."

"मी न्हाई येत. तुम्ही जा. ती म्हनंल, हीच का ती दंडवाली."

"तीच म्हणाली ना तुम्हाला जेवलीस का म्हणून?"

"फोनवर म्हनली. फोनवर तोंड दिसतंय व्हय?"

मी एकटीच आत गेले. शांतम्मा ओळखू आली. टेबलावर फोनच फोन, आणि मधे एक बारकी, चष्म्यातली, चाळिशीची बाई. पत्रावर शिक्का मारून देताना तिनं माझ्या मागं पाहिलं.

"अक्का आली नाही?"

"गाडीत आहे. लाजतेय."

तिनं खालून आपला डबा काढला, बाजूच्या बाईला काहीतरी सांगितलं आणि भर उन्हात बाहेर निघाली. मी मागोमाग. तिनं गाडीचं दुसरं दार उघडलं आणि सरळ आत बसली. महानंदाबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. शांतम्मानं दार लावलं, काच वर केली.

मी समोरच्या लिंबाखाली उभी राहिले. काचेतून आवाज येत नव्हता, आणि आला असता तरी मला एक शब्द कळला नसता. बराच वेळ महानंदाबाईंचा पदर तसाच होता. मग खाली आला. शांतम्मानं डबा उघडला, ज्वारीची भाकरी मोडली आणि अर्धी पुढं केली.

आमच्या खानावळीत महानंदाबाई सगळ्यांच्या शेवटी जेवतात, उभ्यानं, तव्याजवळ, उरेल ते. त्यांच्यापुढं कुणी ताट केलेलं मी कधी पाहिलं नाही. मीही कधी केलं नव्हतं. त्या दिवशी त्या गाडीत मांडी घालून बसल्या, दुसरीच्या हातची भाकरी घेतली आणि हळूहळू जेवल्या. मधेच काहीतरी बोलत होत्या, हातवारे करत होत्या, नाक पकडून कुणाची तरी नक्कल करत होत्या. शांतम्मा हसून हसून दाराला टेकली होती.

ऊन डोक्यावर आलं. पत्र माझ्या पिशवीत होतं, खानावळीची संध्याकाळची भाजी चिरायची राहिली होती. मी काचेवर टकटक केली नाही.