इस्तारीभाऊचे पाय

कमळाच्या साक्षगंधाची सुपारी फुटली, पत्रावळींवर दुसऱ्यांदा बुंदी पडली, आणि नेमके तेव्हाच नवऱ्या मुलाचे वडील बापूजी अंगणातून ओरडले, "माहे जोडे कुठी गेले?"

इस्तारी चुलाण्याकडून धावत आला. मुलीचा बाप तो. आधीची दोन स्थळं हातची गेली होती, हे चिमूरचं मोठ्या मिनतवारीनं जुळलं होतं. आता जोड्यांवरून तेही मोडतं की काय!

"हे काय जी इवाई, इथीच तर हायेत! काळे पंपशू."

"हे माहे नाईत. हे ढिल्ले होतात." बापूजींनी पाय घालून दाखवला. टाचेमागं चांगली जागा उरली. "माहे असेच हायेत, नवे. मूल गावच्या बाजारातले."

"माहेबी तिथलेच," इस्तारी स्वतःच्या पायांकडे कौतुकानं बघत म्हणाला.

"अन् माह्या डाव्या जोड्यात खिळा वर आला हाये. म्या कापूस कोंबला होता. कापूस इथी पडला, अन् जोडा गायब!"

इस्तारीचा चेहरा उजळला. "मंग तर सोपं झालं! ज्यानं घातला तो लंगडत असन. चला, उठा सारे. चालून दाखवा."

अर्धी बुंदी हातात घेऊन माणसं उठली. चोरासारखं कसं चालू नये हे कोणालाच कळेना, त्यामुळे सगळेच चोरासारखे चालू लागले. इस्तारी पुढं होऊन दाखवू लागला, "असं नाई, टाच दाबून टेकवा! हे पाहा, असं!" आणि तो टाच आपटत अंगणाला वळसा घालून आला.

लंगडताना सापडला तो डोमा. कमळाचा सख्खा मामा.

"मी लहानपणापासून लंगडतो," डोमा म्हणाला. "अन् मी तर बिनाजोड्याचा आलो."

"चोर बिनाजोड्याचाच येते," बापूजी म्हणाले.

झालं. मामानं उपरणं झटकलं, मामी उठली, मामाकडची माणसं बैल सोडायला निघाली. इस्तारी एकदा डोमाच्या हातापाया पडे, एकदा बापूजींच्या, आणि दोघांच्या मधे धावताना आपण कुणाची समजूत घालतोय हेच विसरून जाई.

तेवढ्यात बापूजींची बायको गिरजा सारवलेल्या अंगणाकडे बोट दाखवून ओरडली, "वो माय! लक्षुमीची पावलं!"

खरंच, शेणाच्या सड्यावर लाल ठसे उमटले होते. इस्तारीच्या बायकोनं, वच्छलेनं, वाकून पाहिलं. "लक्षुमीचा पाय एवढा मोठा? अन् एकच?" ती त्या ठशांमागून निघाली. ठसे चुलाण्याकडे गेले, डोमाकडे वळले, बापूजींकडे आले आणि तिच्या नवऱ्याच्या डाव्या पायापाशी थांबले.

"अजी, जोडा काढा."

जोडा काही निघेना. दोघांनी ओढला तेव्हा निघाला. टाचेत खिळ्यानं खोल भोक पाडलं होतं, बोटं चेंबून काळीनिळी पडली होती.

"दुखत नाई काय जी?" बापूजींनी विचारलं.

"नाई." इस्तारी त्या पायाकडे दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बघत राहिला. वर्षभर त्याला कापसावर चालल्यासारखं वाटत होतं खरं, पण तो म्हणे, वय झालं.

बापूजींनी टोपी काढली. "खिळ्यावर उभा राहून हा माणूस हसून राह्यला! अरे, याले देहाचं भानच नाई. पोचलेला माणूस हाये हा!" आणि त्यांनी सरळ लोटांगण घातलं. मागोमाग गिरजा. मग मामाकडची माणसंही बैल टाकून आली. सोयरीक मोडायची राहिली बाजूला, असं घर मिळालं म्हणून बापूजींचे डोळे पाणावले.

इस्तारीला काही उमजेना. मागच्याच महिन्यात तो बांधाच्या पाण्यावरून शेजाऱ्याला नको ते बोलला होता. पोचलेला माणूस असं बोलेल? पण एवढी माणसं खोटं कशाला बोलतील?

हळद लावूनही जखम भरेना, उलट वास येऊ लागला, तेव्हा वच्छला त्याला मोटारीत घालून चांद्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला लावले.

"आता टोचलं?"

"तुमी सुरू तर करा, मंग सांगतो."

डॉक्टरांनी वच्छलेला टाचणी दाखवली. ती अर्धी आत होती.

"यांना मधुमेह आहे," डॉक्टर म्हणाले. "रक्तात साखर वाढली की पायांना कळेनासं होतं आणि जखम भरत नाही. उशीर केला असता तर पाय कापावा लागला असता. आता रोज सकाळी पाय धुऊन, कोरडे करून, बोटांच्या सांधीत नीट पाहायचं. आणि गोड बंद."

दवाखान्यातून सुटल्यावर वच्छला रोज घरापुढच्या सपरीत बसून नवऱ्याचे पाय मांडीवर घेई, धुई, पुशी आणि निरखून बघे. रस्त्यानं जाणारे थांबून हात जोडत. लोक पेढे आणू लागले.

"बाबाहो, मले साखरेची बिमारी हाये!" इस्तारी कळवळून सांगे.

"आयकलं काय?" लोक एकमेकांना म्हणत. "महाराजाच्या रगतात साखर हाये!"

लग्नाची तिथी काढायला बापूजी आले ते पायांवर डोकं ठेवूनच. मग जवळ सरकून हळूच म्हणाले, "तुमची किरपा झाली, महाराज. परवा पायाखाली निखारा आला. कातडी जळल्याचा वास आला तवा समजलं. मलेबी आता दुखत नाई!"

इस्तारीनं बापूजींचा पाय ओढून मांडीवर घेतला. गुरूनं आपला पाय मांडीवर घेतला म्हणून बापूजींना हुंदका फुटला. इस्तारीनं बोटं फाकवून पाहिली. आत ओली, पांढरी जखम होती.

"कमळाची माय, गाडी जुंपाले सांग! आत्ताच!"

"कुठी जाचं, महाराज?"

"चांद्याले."

"महाकालीच्या दर्शनाले?"

इस्तारीनं तोंड उघडलं. दवाखान्याचं नाव घेतलं तर हा माणूस गाडीत पाय ठेवणार नाही, हे त्याला दिसत होतं. त्यानं डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा महाराजासारखा आवाज काढला.

"हो बाळा. बस लवकर. अन् वाटेत कोनी परसाद देल्ला तर खाऊ नको."